धन्याची घसरण

परवा दुपारी पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाने डॉमिनोजचा पुठ्ठ्याचा खोका हातात दिला आणि त्यावरचा ठोकळा न्याहाळता न्याहाळता आतला पिझ्झा पार निवून गेला. एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. १९६० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात दोन भावांनी विकत घेतलेल्या दुकानाचे १९६५ मध्ये हे नामकरण झाले आणि पुढे तीन दुकानांचे तीन ठिपके बोधचिन्हात आले, असे सांगतात. दर नव्या दुकानागणिक एकेक ठिपका वाढवण्याचा बेत होता म्हणे. तो तडीस गेला असता, तर बिचारा ठोकळा देवी आल्यासारखा दिसला असता.

आमच्या आत्याकडे सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत डॉमिनोचे २८ काळे ठोकळे असत. प्रत्येकाच्या मधोमध आडवी रेघ आणि त्या रेघेवर पितळेची बारीक खुंटी, बोटाला गार लागणारी. ठिपक्यांना ठिपके जुळवून साखळी वाढवण्याचा खरा खेळ आम्हा भावंडांपैकी कोणालाच येत नव्हता आणि शिकण्याची हौसही नव्हती. मे महिन्याच्या दुपारी शहाबादी फरशीवर ठोकळे उभे करत जायचे, फरशीच्या सांध्यावर एखादा डुगडुगला की श्वास रोखायचा आणि शेवटी पहिल्याला टिचकी मारण्याचा मान कोणाचा यावरून कडाकडा भांडायचे. आत्याच्या लुगड्याचा घोळ लागून निम्मी रांग अवेळी कोसळली की ती म्हणे, "पाडायलाच मांडली होती ना? मग मी पाडली तर काय बिघडलं?" यावर आम्हाला उत्तर सुचत नसे.

गंमत अशी की, ज्याच्या नशिबी आज निव्वळ पडणे आले आहे, तो शब्द मुळात धन्याचा. लॅटिनमध्ये 'दोमुस' म्हणजे घर आणि 'दोमिनुस' म्हणजे घरधनी. आपल्या 'दंपती'तला 'दम्' हाही घरच, आणि दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळाचे. ख्रिस्ती उपासनेत हा घरधनी प्रभू झाला. इसवी सनापुढच्या 'ए. डी.'मधला 'डी' तोच, आणि पोर्तुगीजांचा रविवार 'दोमिंगो' हा त्याच प्रभूचा वार असल्याने गोव्यातल्या कित्येक दोमिंगोंच्या नावातही तोच नांदतो. मग फ्रान्समधले पाद्री थंडीत जी टोपडी घालत, तिला 'डॉमिनो' म्हणू लागले. तिथून हे नाव व्हेनिसच्या कार्निव्हलमधल्या टोपडीवाल्या झग्याला आणि त्याच्या जोडीच्या अर्ध्या मुखवट्याला चिकटले. प्रभूच्या नावाचा झगा पांघरून, तोंड लपवून रात्रभर वाटेल तसे हुंदडण्याची ही सोय मला तरी फार मानवी वाटते.

ठोकळे त्या मानाने उपरेच. चीनमध्ये ३२ ठोकळ्यांचा, एकही कोरी बाजू नसलेला खेळ फार आधीपासून होता; युरोपात ठोकळे दिसू लागले ते अठराव्या शतकात, इटलीत. काळ्या पाठीच्या, पांढऱ्या तोंडाच्या त्या तुकड्यांना झग्याचेच नाव पडले, असा एक तर्क आहे, आणि दुसरा चांगला सापडेपर्यंत मी तोच धरून बसणार आहे.

७ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इंडोचायनाविषयी, म्हणजे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया या टापूविषयी बोलताना पत्रकारांसमोर ठोकळ्यांची रांग मांडली: पहिला पाडला की शेवटच्याचे काय होणार, ते ठरलेलेच; तसाच एक देश कम्युनिस्टांच्या हाती गेला की शेजारचेही जाणार. ही उपमा इतकी सुटसुटीत होती की, देश लाकडाचे नसतात हे सांगणाऱ्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मेले, आणि तिथल्या माणसांची मोजदाद लाखांत करावी लागली. १९७५ मध्ये कंबोडिया, दक्षिण व्हिएतनाम आणि लाओस एकामागून एक पडले. शेजारचा थायलंड पडला नाही.