पिवळा रॉक-नेटल : पेरणीनंतरचा 20वा आठवडा

मागच्या नोंदीत पिवळ्या रॉक-नेटलला (शास्त्रीय नाव युक्नाइड बार्टोनिऑइडिस) आलेल्या कळ्यांपर्यंत मी पोहोचलो होतो. त्यानंतर तीनही रोपे फुलून गेली, बोंडे धरली, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते आता दिसू लागले आहे.

टेक्ससच्या बिग बेंड परिसरात आणि रिओ ग्रांदे नदीपलीकडील मेक्सिकोत चुनखडीच्या उभ्या कड्यांच्या भेगांत ही वनस्पती वाढते. राष्ट्रीय उद्यानातून बी उचलण्यास मनाई असल्यामुळे ते एका बागप्रेमी मित्राच्या कुंडीतून आले. चुनखडीला मात्र आमच्या सॅन अँटोनिओत तोटा नाही. जुन्या ग्रंथांत या वंशाला ‘मायक्रोस्पर्मा’, म्हणजे बारीक बियांचा, असेही नाव आढळते. ते किती सार्थ आहे हे फेब्रुवारीत पेरताना कळले, कारण चिमूटभर बी वाळूत मिसळल्यावर दिसेनासेच झाले. ते मातीआड न करता पृष्ठभागावरच ठेवले आणि पाणी खालच्या ताटलीतून दिले. अकराव्या दिवशी चौदा कोंब आले, त्यांतील नऊ माझ्याच अतिउत्साही पाण्यामुळे कुजले आणि दोन कुंडी बदलताना मुळे दुखावल्यामुळे गेले. पुढच्या वेळी कायमच्या कुंडीतच पेरणार आहे.

फूल पाच पाकळ्यांचे, झळझळीत पिवळे असून पुंकेसरांचा झुबका पाकळ्यांच्या बाहेर डोकावतो. ढगाळ दिवशी मात्र माझी फुले अर्धवटच उमलली. पानांवरील आकडेदार लव कपड्यांना चिकटते, म्हणून खाजकुयलीची आठवण ठेवून मी हातमोजे घालतो.

परागण झाल्यावर फुलाचा देठ लांबत जातो आणि प्रकाशाकडे पाठ फिरवून अंधाऱ्या फटीचा शोध घेतो, जेणेकरून बी कड्यावरून खाली न पडता भेगेतच रुजावे. हे पडताळण्यासाठी कुंडीच्या उत्तरेस मी चुनखडीचे दोन दगड बोटभर फट ठेवून उभे केले होते. सात देठांपैकी चार त्या फटीत शिरले आहेत, दोन दगडाला नुसते टेकले आहेत, आणि एकाने माझी सगळी मांडणी धुडकावून कुंडी व भिंत यांच्यामधली सांदी पसंत केली आहे. ते शेवटचे बोंड मी काढणार नाही.