सकाळचं औषध

आज बाईंशी खोटं बोलले. मनूचा ताप राहिला बाजूला, दिवसभर तेच डोक्यात आहे.

सकाळी अंग कोमट लागलं म्हणून थर्मामीटर लावला तर ९९.८. १०१ असता तर घरीच ठेवली असती, ९८ असता तर बिनधास्त पाठवली असती, हे असं मधलं आलं की माझी पंचाईत. त्यात महिनाअखेर, ऑफिसात हिशेबांचं क्लोजिंग, सीएलची रजा एकच उरलीये, आई गावाला, आणि ह्याचं तर... जाऊ दे. प्रत्येक वेळी मीच का, एवढंच वाटत होतं. सव्वासहाला पॅरासिटामॉल पाजलं, अर्ध्या तासात पोरगी उड्या मारायला लागली आणि मी म्हणलं बरीये की, आणि बसवली व्हॅनमध्ये.

साडेअकराला शाळेतून फोन. त्या औषधाचा जोर चार ते सहा तासच असतो, मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच जास्त लागतंय. गेले तर बाकावर डोकं टेकून बसलेली, गाल लाल. बाईंनी साधंच विचारलं, "सकाळी काही औषध दिलं होतंत का?" आणि मी म्हणाले, "नाही हो, ठणठणीत होती." मनू माझा हात धरून उभी होती, तिने फक्त वर बघितलं.

रिक्षात म्हणाली, "आई, औषधाचं बाईंना सांगायचं नसतं का?"

काय सांगू? तिच्या शेजारी बसते त्या मुलीच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे, मनूनेच सांगितलं होतं मागे. ते मला सकाळी आठवलं नाही, की आठवू दिलं नाही?

डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, नुसती सर्दी असेल आणि खेळत-खात असेल तर पाठवा, पण १०० पॉइंट ४ च्या वर गेला की घरी, आणि औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही तरच शाळा. म्हणजे उद्या गेलं, कदाचित परवाही. ठीके. क्लोजिंग काय, आज मी नव्हते तरी झालंच थोडंफार.

संध्याकाळी बाईंना मेसेज केला, सकाळी औषध दिलं होतं, मी खरं सांगितलं नाही, सॉरी. मनूलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग आता बाई तुला रागावणार?" म्हणलं रागावू देत.

दुपारी दोनला डोस दिला होता. आत्ता रात्री नऊला, औषधाशिवाय, ९९.२. वहीत लिहून ठेवलंय, मोजायला इथून सुरुवात.