साडेसहा अधिक पाच

तालुक्याच्या गावी मी दर रविवारी प्रोग्रामिंगचा वर्ग घेते. भाषा पायथन. वर्गात पॉलिटेक्निकची मुलं असतात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एखादा पोरगा असतो. गेल्या वर्षीच्या बॅचला शेजारच्या गावातल्या दूध संकलन केंद्राचं लिखाण बघणाऱ्या एक काकूही होत्या. त्यांच्या निमित्ताने घडलेला एक रविवार मला लिहायचाच होता.

त्या दिवशी पहिल्यांदा खिडकी, म्हणजे रकाने आणि बटणं असलेली प्रोग्रामची विंडो, बनवायची होती. मी स्वतः कॉलेजात व्हिज्युअल बेसिक ६ वर शिकले. १९९८ची ती आवृत्ती: फॉर्मवर बटण ओढून ठेवायचं, डबल क्लिक करायचं आणि आत कोड लिहायचा. पायथनमध्ये तसं ओढून ठेवणं नाही, पण विंडोजवर पायथन टाकलं की टीकिंटर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायचं साधन, सोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. मुलं ज्या आयडल नावाच्या प्रोग्राममध्ये कोड लिहितात ते आयडलसुद्धा टीकिंटरमध्येच बनवलंय. हे सांगितलं की मुलं त्या खिडकीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

हल्ली सगळे म्हणतात, वेबसाइटपासून सुरुवात करा. मला ते पटत नाही. वेबसाइटसाठी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट असं तिन्ही एकदम डोक्यात कोंबावं लागतं. डेस्कटॉपवरच्या खिडकीला भाषा एकच लागते आणि इंटरनेट नसलं तरी काही अडत नाही.

काम दिलं होतं ते असं: रोज जो हिशोब तोंडपाठ करता, त्याचीच खिडकी बनवा. मोबाइलवाल्या पोराचं बटण दाबायच्या आधीच चाललं आणि दाबल्यावर मात्र ढिम्म. बटण दाबल्यावर काय चालवायचं ते command= पुढे लिहितात; तिथे फंक्शनचं नाव लिहिताना त्याने पुढे कंस लावला होता, त्यामुळे खिडकी उघडतानाच फंक्शन चालून गेलं. कंस काढला, बटण चाललं.

काकूंनी दोन रकाने केले होते, सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध. खाली बटण, त्याच्याखाली एकूण. सकाळी ६.५ लिटर, संध्याकाळी ५ टाकलं, बटण दाबलं. उत्तर आलं ६.५५.

शेजारचा डिप्लोमाचा मुलगा म्हणाला, "काकू, जमलं की!"

काकूंनी मान हलवली. "कशाचं जमलं? संध्याकाळचं पाच लिटर दूध गेलं कुठं?"

खरं तर हे उत्तर फार फसवं आहे. १२ आणि ७ टाकून १२७ आलं असतं तर कुणालाही खटकलं असतं. पण ६.५५ दिसायला अगदी दुधाच्या आकड्यासारखं. रोज शंभर खात्यांची बेरीज हाताखालून जाते, म्हणून काकूंच्या ते तत्क्षणी लक्षात आलं. मी फळ्याकडे गेले नाही. विचारलं, "काकू, ६.५५ नीट बघा. यात तुमचे पाच दिसतात का?" त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शेवटी चिकटलाय की पाच!" सगळा वर्ग त्यांच्या स्क्रीनभोवती जमला. रकान्यात टाइप केलेलं पायथनला मजकूर म्हणून मिळतं, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते नुसते जोडले जातात. मजकूर आणि संख्या यांतला फरक मी आधी दोन वेळा शिकवला होता, सगळ्यांनी वहीत उतरवूनही घेतला होता. कळला तो तेव्हा. दोन्ही रकान्यांना फ्लोट लावलं, म्हणजे मजकुराची दशांश संख्या केली, आणि ११.५ आलं.

मग काकूंनी रकान्यांची नावं मराठीत केली. कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि त्यांनी आकडेही मराठीत टाकले, ६.५ आणि ५, देवनागरी. आता मागच्या खिडकीत चूक दाखवणारी लाल अक्षरं येणार म्हणून मी वाट बघत उभी राहिले. उत्तर बरोबर आलं! पायथन ३ मजकुरातले देवनागरी आकडे संख्या म्हणून वाचतो. लगेच सगळ्यांनी आपापल्या मशीनवर करून बघितलं. व्हेरिएबलला 'दूध' असं मराठी नाव दिलं तरी चालतं, पण कोडमध्ये थेट देवनागरी ५ लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातली चूक, येते. काकूंचं म्हणणं, "केंद्रावर सगळी नोंद मराठीत असते, मग काय अडचणच नाही."

जेवणानंतर एक गाय असलेल्या घरचं खातं घेतलं. सकाळी १.१ लिटर, संध्याकाळी २.२. उत्तर आलं ३.३०००००००००००००३.

"हे शेवटचे तीन कुणाच्या खात्यावर टाकू?" काकूंनी अगदी गंभीरपणे विचारलं, आणि प्रश्न रास्तच होता. केंद्रावर पैशापैशाचा हिशोब द्यावा लागतो. एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलं की तिनावर तीन येतच राहतात. तसा १.१ हा आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या बायनरीत संपत नाही. संगणक तो जवळच्या आकड्यावर थांबवतो आणि तो बारीक फरक बेरजेत वर येतो. पैशांच्या हिशोबाला पायथनमध्ये डेसिमल आहे. ते मजकुरावरून थेट अचूक संख्या बनवतं. म्हणजे सकाळी ज्या मजकुराने घोळ घातला, तोच आता जसाच्या तसा डेसिमलला द्यायचा. ३.३ आलं.

त्यानंतरचा तासभर काकूंनीच शिकवलं म्हणायला हरकत नाही. गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याच्या वर गेलं की पॉइंटमागे वाढ, खाली आलं की कपात. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरच्या आकड्याचा चौथा भाग, त्यात फॅटचा ठरावीक हिस्सा आणि वर एक ठरलेला आकडा मिळवला की एसएनएफ निघतं. हा आकडा सगळीकडे एकच नसतो, म्हणून तो कोडमध्ये सगळ्यात वर एकाच जागी लिहायचा, बदलला तर तिथेच बदलायचा. डिप्लोमाच्या मुलांनी दर काढायला 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशी इफ-एल्सची एक लांबलचक माळ लावली. काकूंनी पिशवीतून दरपत्रक काढलं. उभ्या ओळीत फॅट, आडव्या ओळीत एसएनएफ, मध्ये दर. ते बघून त्याच मुलांनी माळ पुसून टाकली आणि डिक्शनरी केली: फॅट आणि एसएनएफची जोडी द्यायची, दर घ्यायचा. डिक्शनरी कशाला लागते हे इतक्या सोप्या रीतीने मला कधी सांगता आलं नव्हतं.

शेवटी एका खात्याचं मागच्या दहा दिवसांचं बिल वहीतून घेऊन ताडून बघितलं. काकू आकडा वाचायच्या, मोबाइलवाला पोरगा टाइप करायचा. पैशापर्यंत जुळलं.

काकूंनी खिडकी बंद केली, परत उघडली. सगळे रकाने कोरे.

"मॅडम, आकडे कुठं गेले?"

"काकू, ते साठवायचं अजून शिकायचंय."

"मग आत्ताच शिकवा. उद्या सकाळी सहाला केंद्र उघडायचंय मला."

पाच वाजून गेले होते, पण कुणी उठलं नाही. डेटाबेस पुढच्या रविवारी घेऊ, आज साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम देऊन आकडे लिहिलेली फाइल करू असं ठरलं, म्हणजे केंद्राच्या सचिवांना ती एक्सेलमध्ये उघडता येईल. मी फळा पुसला आणि पहिली ओळ लिहिली: तारीख, खाते क्रमांक, सकाळ, संध्याकाळ. काकू म्हणाल्या, "वेळ पण टाका. कोण किती वाजता आलं त्यावरून भांडणं होतात."