हरगिलाच्या झाडाखाली

गुवाहाटीहून सराईघाटचा पूल ओलांडला की ब्रह्मपुत्रेचा उत्तर काठ लागतो. तिथल्या दादरा गावात मी जानेवारीत गेले, ती हरगिला बघायला. हाडं गिळणारा तो हरगिला. मराठी माणसाला हे आसामी नाव फोड करून सांगावं लागत नाही. जवळजवळ पाच फूट उंचीचा करकोचा, डोक्यावर पिसं नाहीत, गळ्याशी केशरी पिशवी लोंबते.

एका अंगणातल्या कदंबाखाली पोचले तर आधी आला तो वास, सडक्या माशांचा आणि विष्ठेचा. मागोमाग नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली, ओठांवर बोट ठेवून. “बाइदेउ,” म्हणजे ताई, “हळू बोला.”

तिच्या हातात शाळेची वही होती. पेन्सिलनं चार घरटी काढलेली, प्रत्येकाखाली तारीख आणि पिल्लांचा आकडा. एका घरट्याखाली ३ खोडून २ केलेले. “पडलं,” ती म्हणाली आणि झाडाखाली ताणून बांधलेल्या जाळीकडे तिनं बोट दाखवलं. घरटी पार शेंड्याला असतात, जोराचा वारा सुटला की पिल्लं खाली येतात. ते पिल्लू जाळीत अडकलं म्हणून वाचलं. धप्प आवाज ऐकून पहिली धावली ती हीच. मग आईला हाक, मग वनखात्याला फोन.

हेच गाव एकेकाळी या पक्ष्याला अपशकुनी मानायचं. अंगणात घाण करतो म्हणून झाडंच तोडली जात. २००७ मध्ये असंच एक झाड पडलं, त्यावर नऊ पिल्लं होती. ते पाहून अस्वस्थ झालेल्या वन्यजीव अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन यांनी पीएचडी बाजूला ठेवून गावातल्या बायकांना गाठलं. पुढे त्या बायकांनी हरगिलाचं चक्क डोहाळजेवण केलं, गमोशावर, म्हणजे आसामी पंचावर, त्याची नक्षी विणली. दादरा, पचरिया आणि सिंगिमारी या तीन गावांत तेव्हा २८ घरटी होती. आता २५० च्या वर आहेत.

त्या बायकांचं श्रेय मोठंच आहे. पण मला वाटतं, झाडं आज टिकून आहेत ती या मुलांमुळेही. वास त्यांनाही येतो, अंगण त्यांनाच झाडावं लागतं. तरी झाड तोडायचं हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही, कारण वरची पिल्लं त्यांनी अंड्यातून बाहेर आल्यापासून मोजलेली असतात.

उन्हं कलताना एक मोठा हरगिला झाडावर उतरला. पंखांचा वारा खालपर्यंत जाणवला. घरट्यात चोचींचा टकटकाट सुरू झाला. मुलीनं वही उघडली.

“किती दिसतात?”

“दोन.”

तिनं मान हलवली, माझा हात धरून मला चार पावलं डावीकडे नेलं आणि म्हणाली, “आता मोजा.”

पानांच्या आडून तिसरं डोकं वर आलं होतं.