रांग बघून शेअर घेतलेले काका

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर असेंबल करून देतो, बारा-तेरा वर्षं झाली. २५ मे २०२३, गुरुवार. शटर वर केलं तर काका आधीच पायरीवर पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेले.

काका गिरगावातले, बँकेतून रिटायर, माझ्याकडे प्रिंटरची शाई भरायला यायचे. २०२१ मध्ये असेच आले तेव्हा ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे पडद्यावर गेमचं चित्र काढतं त्या कार्डासाठी, पोरं वहीत नावं लिहून जायची, त्याच कार्डांवर क्रिप्टो नाणी कमावणारे मायनिंगवाले आले की एकदम दहा-दहा मागायचे आणि भाव तर विचारूच नका. काकांनी विचारलं हे बनवतं कोण रे, मी म्हटलं एनव्हिडिया. झालं! नोव्हेंबरात अमेरिकन शेअरच्या अॅपवरून घेऊन मोकळे, तीनशे डॉलरच्या वर. पुढच्या ऑक्टोबरात भाव एकशेवीसच्या खाली. मधे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंगच बंद झालं होतं, मग तेच मायनिंगवाले कार्डं खोक्यात भरून विकायला आणायचे. एक खोललं होतं, चिपांची उष्णता ओढणाऱ्या थर्मल पॅडचं तेल सुटून मेमरीच्या चिपांवर ओघळलेलं, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा चिकट थर, बोट लावलं की काळं. काका बाजूला उभे राहून बघत होते आणि मधूनच माझ्याकडे असं बघायचे की जणू शेअर मीच विकले त्यांना.

तर त्या दिवशी काका म्हणाले, "रात्री एनव्हिडियाचा रिझल्ट आला. शेअर पंचवीस टक्के वर." कंपनीने पुढच्या तिमाहीला ११ अब्ज डॉलरची विक्री होईल सांगितलेलं, बाजार सातच्या आसपास धरून बसला होता.

तेवढ्यात एक मुलगा वडलांना घेऊन आला. बारावीचा निकाल दुपारी दोनला होता, पण पीसी त्याआधीच ठरवायचा होता, हुशारच. एनव्हिडियाचं नवं कार्ड आरटीएक्स ४०६० टीआय आदल्याच दिवशी विक्रीला आलेलं, मला वाटलं तेच मागेल. कुठलं काय! "दादा, २०२० च्या ३०६० टीआयला पण मेमरी ८ जीबीच होती, वर मेमरीचा रस्ता, म्हणजे बस, २५६ बिटची. याला १२८. आणि अमेरिकेत किंमत तीच, ३९९ डॉलर. अडीच वर्षांत केलं काय मग यांनी?" मी सांगितलं की चिपमधली जलद मेमरी, कॅश म्हणतात ती, वाढवलीय, वीज कमी खातं, ते खोटं नव्हतं. पण त्याला १४४० पीवर, म्हणजे जास्त बारीक चित्रावर, खेळायचं होतं आणि चार वर्षं तरी कार्ड बदलायचं नव्हतं, मग मीही जास्त ताणलं नाही. १२ जीबीचं एएमडी या दुसऱ्या कंपनीचं रेडिऑन ६७०० एक्सटी दाखवलं, थोडं स्वस्तही पडत होतं. तेच घेतलं.

वडील हातात पेढा धरून काकांना म्हणाले, "पोरगं म्हणतंय कार्डात दम नाही, तुम्ही पेढे वाटताय. खरं कुणाचं?"

काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला, म्हणाले तूच वाच. गेमिंगची विक्री २.२४ अब्ज, वर्षात ३८ टक्के खाली. डेटा सेंटर, म्हणजे एआय वगैरेसाठी मोठ्या कंपन्यांना जातं ते, ४.२८ अब्ज. मी दोनदा वाचलं. म्हणजे आमच्या काउंटरवरची मंदी त्यात होती, अगदी बरोबर होती, फक्त आता तिला कोणी विचारत नव्हतं. काकांनी शेअर घेतला आमची रांग बघून आणि तारलं त्यांना भलत्यानेच! मला हसावं की नाही कळेना, दुकानात एनव्हिडियाच्याच ३०६० कार्डांची चार खोकी जुन्या भावाने घेतलेली पडून होती.

काका म्हणाले, "ते एआयवालं कार्ड दाखव की, बघू तरी."

"ते इथे येत नाही काका. एच१०० म्हणतात, लाखांत जातं. आणि त्याला मॉनिटरची वायर लावायला जागाच नसते."

काका थांबले. "अरे, ग्राफिक्स कार्ड ना ते? मग चित्र दिसतं कुठे?"

मुलगा फस्सकन हसला. मी कॅबिनेटचं झाकण काढायला घेतलं, दोनच्या आत बिल्ड उभा करायचा होता.