पिंजरा शाबूत होता, मग ससा गेला कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी पूर्ण सांगते. भुऱ्या गेल्यापासून घरी येणारा जो तो परसातल्या पिंजऱ्याची कडी ओढून बघतो आणि माझ्याकडे वळतो. 'जाळी तर शाबूत आहे. मग ससा गेला कसा?' त्यामागचा न विचारलेला प्रश्नही मला ऐकू येतो: हिने दार उघडं टाकलं असेल, नाहीतर भलतंच काही खायला घातलं असेल.

दार बंद होतं. कोकणात परसात ससे ठेवायचे तर दिवसा मुंगूस आणि घार, रात्री कांडेचोर, कोल्हा, बोका, शिवाय धामण आणि घूस, एवढ्यांशी गाठ असते. म्हणून आम्ही कोंबड्यांची षटकोनी जाळी घेतलीच नाही. ती कोंबडी आत ठेवायला पुरते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो. आमची अर्ध्या इंची वेल्डमेश आहे, खाली चिऱ्याचा जोता, वर पत्रा, दाराला दोन कड्या. चरायच्या कुंपणाची जाळी जमिनीखाली दीड फूट बाहेरच्या अंगाला वळवून पुरली आहे, म्हणजे कडेला उकरणाऱ्याच्या पायांना पुन्हा जाळीच लागते. आजवर एकही जनावर आत शिरलेलं नाही. त्या रात्रीही नाही.

श्रावणातली रात्र होती, पाऊस नुकता थांबलेला, वीज गेलेली. आधी धप् असा आवाज आला. ससा घाबरला की मागचा पाय आपटतो, तो आवाज मी झोपेतही ओळखते. पाठोपाठ कुत्री. आम्ही बॅटरी घेऊन धावलो तर वाडीतली मोकाट कुत्री पिंजऱ्याला चारी बाजूंनी फिरत होती, जाळीवर पंजे मारत होती. काठी उगारताच पळाली. जाळीला साधा पोचाही आला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, 'बघ, पैसे वाया गेले नाहीत.'

आमची दुसरी ससुली, शेवरी, आतल्या लाकडी खोक्यात शिरून बसली होती. भुऱ्या मधोमध, उघड्यावर. पळत नव्हता, हलत नव्हता, कुशी नुसती धडधडत होती. मी त्याला उचलून पडवीत आणलं, अंगावर सुती साडी घातली, अंधार केला. कान गार पडत चालले होते. सासूबाई शेजारी बसून हळूहळू त्याच्या कपाळावरून बोट फिरवत होत्या. मी त्याच्या सगळ्या अंगावरची लव बॅटरीच्या उजेडात उलटीसुलटी करून पाहिली. कुठे दात नाही, ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. उजाडायच्या आत तो गेला.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सकाळी तपासलं आणि सांगितलं, भीतीने गेला. सशाचं हृदय एरवीही मिनिटाला 180 ते 300 वेळा धडधडतं. त्यात भीतीने अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा आला की ते कधीकधी बंदच पडतं. हे ऐकल्यावरही लोक म्हणतात, 'रानातले ससे नाही मरत असे.' अहो, आपला रानससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला बसतो आणि वेळ आली की सुसाट पळतो. पाळीव ससा स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. धोका दिसला की जमिनीत शिरायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याचे डोळे दोन्ही कडांना, जवळजवळ चहूकडचं दिसतं. चारी बाजूंना जाळी आणि चारी बाजूंना कुत्री असली तर त्याने जायचं कुठे?

पिंजरा बांधताना मी सगळ्यांना ठासून सांगायचे, आत काही शिरलं नाही की ससा सुरक्षित. त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी अजून भांडते. ती म्हणते, खोकं होतं ना आत, शेवरी वाचली ना? हो, वाचली. पण भुऱ्यासाठीही ते तेवढंच उघडं होतं. आता तीन बाजूंना झापं बांधली आहेत, बाहेरचं दिसू नये म्हणून, आणि खोक्याला दोन तोंडं केली आहेत. तिन्हीसांजेला शेवरीला पडवीत घेते.

'मग दिवसाही आतच ठेवा की!' पुढचा प्रश्न हाच असतो. भुऱ्यानंतर तिने खाणं सोडलं होतं. अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही तरी सशाची आतडी थंडावतात, जीवही जाऊ शकतो. सिरिंजने भरवत होतो. पुन्हा आपणहून तोंड लावलं ते परसातल्या हरळीला, पडवीत ठेवलेल्या त्याच हरळीला नाही. हा पुरावा नव्हे, मला कळतं. दिवसाही कुत्री येतात.

ससा एकटा राहणारा प्राणी नाही, म्हणून तिला जोडीदार आणावा असं मला वाटतं. नवरा म्हणतो, आणखी एक जीव त्या जाळीत नको. सासूबाई आधी त्याच्या बाजूने होत्या, आता माझ्या बाजूने आहेत. मी मात्र काल पहिल्यांदाच त्याला म्हटलं, तुझंही बरोबर असेल.