जिप्सीचं स्टिअरिंग आणि आतून झिजणारा टायर : माझा अनुभव

माझ्याकडे 2005 ची मारुती जिप्सी किंग आहे, पेट्रोल, फोर बाय फोर. चिपळूणजवळच्या बागेत जायचं तर जांभ्याचा कच्चा रस्ता आणि पावसाळ्यात वहाळाचं पाणी ओलांडावं लागतं. शिवाय अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कराडला जाणं होतं. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीत दोन गोष्टी एकदम दिसायला लागल्या. पुढचा डावा टायर आतल्या बाजूनं झिजत होता आणि बाहेरच्या बाजूची नक्षी मात्र तशीच होती. आणि पन्नास-साठच्या वेगात चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागायचं, ते वेग उतरवल्याशिवाय थांबायचं नाही.

आधी संगणकावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घेतली. पडद्यावर आकडे हिरवे झाले, गाडी घरी आली आणि झीज तशीच चालू राहिली. मशीन बरोबर मोजतंय आणि टायरही खोटं सांगत नाही, तर मग मधे काय आहे, हा प्रश्न मला सोडवायचा होता.

सुरुवात टायरपासूनच केली, कारण सगळी नोंद तिथेच असते. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. इथे दोन्ही नव्हतं. नक्षीवरून तळहात बाहेरून आत नेला की रबराच्या कडा करवतीसारख्या लागत, आतून बाहेर आणला की गुळगुळीत. याचा अर्थ चालत्या गाडीत पुढची चाकं समोरच्या बाजूला एकमेकांपासून फाकत होती, म्हणजे टो-आउट. उजव्या टायरवर वेगळंच होतं, परिघावर ठरावीक अंतरानं खळगे. तसे खळगे चाक उडत किंवा डुलत असलं की पडतात. शॉक ॲब्सॉर्बर गेलेला असेल, बॅलन्सिंग बिघडलेलं असेल, नाहीतर कुठेतरी सांधा ढिला असेल. शॉक ठीक होते. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहिले, थरथर तरीही पुढेच राहिली. म्हणजे टायर आणि बॅलन्सिंग दोन्ही संशयातून सुटले.

मग आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, बॉक्सचा स्क्रू थोडा कसतो, नाहीतर नवा स्टिअरिंग डॅम्पर टाकू, थरथर जाईल." डॅम्परनं थरथर दबली असती हे खरं, पण कारण तसंच राहिलं असतं. स्टिअरिंग बॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीवरचा, स्क्रू तर मला अगदी शेवटी हात लावायची गोष्ट वाटते. बॉक्स झिजतो तो चाकं सरळ असतानाच्या जागेवर, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. गरजेपेक्षा जास्त कसला की स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप परत येत नाही, आणि घाटात ते धोक्याचं. मी म्हटलं, "मिस्त्री, आधी प्ले कुठे आहे ते बघू, मग काय कसायचं ते ठरवू." त्यांनी ते मनापासून मान्य केलं. (प्ले म्हणजे सांध्यातली मोकळी हालचाल.)

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी ही तपासणी जरूर करावी. गाडी चारही चाकांवर जमिनीवरच ठेवायची, जॅक लावायचा नाही, कारण वजन असेल तरच सांध्यांवर खरा ताण येतो. पुतण्या स्टिअरिंगवर बसला आणि चाक न वळेल एवढंच डावी-उजवीकडे हलवत राहिला. आम्ही खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर हात ठेवला. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना लगेच कळतं. ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, एक बॉल जॉइंट टकटकत होता आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचा डावा एंडही.

इथे मशीनचं कोडं सुटलं. फोर-व्हील टाकलेलं नसताना जिप्सी मागच्या चाकांवर चालते. पुढची चाकं नुसती ढकलली जातात, आणि रस्त्याचा रोध त्यांना मागे रेटत असल्यामुळे ती बाहेर फाकायला बघतात. म्हणून तर उभ्या गाडीत थोडा टो-इन ठेवतात, म्हणजे चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली. सांधे ढिले असले की चालताना तो टो-इन उडतो आणि टो-आउट होतो. उभ्या गाडीला मशीन हिरवं दाखवतं, ते त्या क्षणापुरतं खरं असतं.

पण बॉल जॉइंटनं उजव्या टायरवरच्या खळग्यांचा उलगडा होत नव्हता. उजवं चाक जॅकवर घेतलं, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. प्ले होता. मिस्त्रींनी पुतण्याला हाक मारली, "बाळा, ब्रेक दाबून ठेव." ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर व्हील बेअरिंग ढिलं. गेला नाही, म्हणजे किंगपिन, ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती.

जिप्सीचा पुढचा ॲक्सल सलग आहे. दोन्ही टोकांना चाक धरून वळवणारा नकल असतो, आणि तो वर-खाली दोन किंगपिनांवर, टेपर रोलर बेअरिंगवर फिरतो. नकल उघडला तेव्हा आतून ग्रीस आणि पाण्याचा राखाडी चिखल निघाला. मागचं सील फाटलं होतं आणि वहाळाचं पाणी तिथूनच शिरत होतं. खालच्या बेअरिंगच्या कपात, म्हणजे बाहेरच्या कड्यात, रोलरनी खाचा पाडल्या होत्या, त्याही नेमक्या सरळ जाण्याच्या जागी. डाव्या बाजूचं बेअरिंग तितकं वाईट नव्हतं, पण सीलची अवस्था तीच होती. दोन्हीकडचे कप-कोन, सील आणि फेल्ट बदलले.

बसवताना मिस्त्रींचा हात पाहण्यासारखा होता. किंगपिनखालच्या शिमच्या पातळ पत्र्यांवर बेअरिंगचा दाब ठरतो. एक शिम काढली की सांधा घट्ट, एक वाढवली की सैल. टाय रॉड सोडून, नकलच्या हाताला स्प्रिंगचा काटा अडकवून, किती ओढल्यावर नकल हलतो ते मोजायचं. अंदाजानं कसणारे खूप भेटतात. यांनी दोन्ही बाजूंना काटा लावला, शिम बदलून पुन्हा लावला, आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत आल्यावरच बोल्ट शेवटचे कसले.

स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश चेपले होते तेही त्याच वेळी बदलले. बुश गेले की ॲक्सल एका बाजूला किंचित सरकतो आणि गाडी ओढते. दोन्हीकडचा व्हीलबेस टेपनं मोजला, सारखा निघाला.

सलग ॲक्सलवर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) सहज बदलता येत नाहीत. आपल्या हातात टो. तो आम्ही गॅरेजमध्येच लावला. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढला, चाक फिरवत खिळ्यानं बारीक रेघ मारली, ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून रेघांमधलं अंतर मोजलं. पुढचं मोजमाप मागच्यापेक्षा 3 मिलिमीटर कमी ठेवलं. नंतर दुसरीकडे मशीनवर नेऊन पडताळलं, ते जुळलं. स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूला शेवटपर्यंत हात लागला नाही.

टायरचा खर्च मात्र टळला नाही. डावा टायर आतून 1.6 मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेजवळ आला होता. एक-दोन बदलून भागवावं असं वाटणं साहजिक आहे, पण या गाडीत पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे डिफरन्शिअल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, नसतो. फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं सारखीच फिरायला लागतात, आणि टायरच्या परिघात फरक असेल तर तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून चारही एकाच मापाचे, 205/70 आर 15, एकदमच घेतले.

घाटात आता खड्डा आला तरी स्टिअरिंग शांत राहतं. नवे टायर थोडे चालल्यावर पाट्या ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट परत कसून घेतले, तेव्हा टोही खडूनं पुन्हा मोजला. 3 मिलिमीटरच होता, आणि नक्षीवर हात दोन्हीकडून सारखाच फिरला.